रोझीना हार्किनचा दोरा

आमच्या डेरी शहरात सकाळचा भोंगा वाजला की बायका कामाला निघायच्या आणि पुरुष पोरं सांभाळायचे. शर्टांच्या फॅक्टऱ्यांना बायकांचे हात लागायचे. पुरुषांना गोदीवर आठवड्यात एखादा दिवस काम मिळालं तरी नशीब. त्यामुळे तान्हं मूल खांद्यावर टाकून दारात उभा असलेला धिप्पाड गडी हा आमच्या गल्लीतला रोजचा देखावा. परगावच्या एखाद्यानं त्यावर दात काढलेच, तर संध्याकाळी सुटलेल्या बायका त्याची अशी हजेरी घ्यायच्या की तो पुन्हा त्या गल्लीला फिरकत नसे.

रोझीना हार्किन त्या बायकांमधली बिनीची. अंगानं ठेंगणी, पण आवाज असा की चौथ्या मजल्यावर बोलली तर नदीवरच्या नावाड्यानं मान वर करावी. नवरा मॅनस गोदीवरचा हमाल, म्हणजे हमाली मिळाली तर हमाल, नाहीतर घरचा स्वयंपाकी. त्याच्या सोड्याच्या पावाची कीर्ती गल्लीभर होती. "तुझ्या नवऱ्याच्या हाताला चव आहे हो," असं कुणी म्हटलं की रोझीना म्हणायची, "हाताला आहे, जिभेला नाही. दिवसभर कुरकुरत असतो मेला." दोन खोल्या, चार पोरं, खाणारी तोंडं सहा. कमावते हात दोनच आणि ते तिचे. हे आधीच सांगायला हवं, कारण पुढं तिनं जे केलं ते भरल्या पोटी केलेलं नाही.

फॅक्टरीत ती काजं करायची. कुणी कॉलर शिवायची, कुणी बाह्या, कुणी कफ, आणि शेवटी सगळे शर्ट काजांसाठी रोझीनाच्या रांगेत यायचे. काज मशीनवरच व्हायचं, पण रोझीना प्रत्येक काजाच्या टोकाला हातानं दोन आडवे टाके घालायची, म्हणजे बटण लावताना-काढताना ते फाटत नाही. कुणी सांगितलं नव्हतं, त्याचे पैसेही मिळत नव्हते. आईनं शिकवलं होतं, म्हणून घालायची. बायका चिडवायच्या, "रोझीना, अगं तो शर्ट घालणारा मरेल, पण तुझं काज नाही मरायचं." यावर ती खूश व्हायची.

आता दोऱ्याचं ऐका, कारण सगळं घोडं त्या दोऱ्यावरच अडलं. त्या फॅक्टरीत कापड मालकाचं, मशीन मालकाचं, पण दोरा कामगार बाईचा. शुक्रवारी एका खिडकीत पगार घ्यायचा आणि लगेच शेजारच्या खिडकीत त्यातलेच पैसे देऊन पुढच्या आठवड्याची रिळं घ्यायची. असं का, म्हणून विचारलं तर पूर्वीपासून असंच आहे, हे उत्तर ठरलेलं. बायका बोटं मोडायच्या, शिव्या घालायच्या आणि रिळं घ्यायच्या. प्रत्येकीचं नाव रिळावर पेन्सिलीनं घातलेलं. दुसरीच्या रिळाला हात लावला तर झिंज्या धरण्यापर्यंत मजल जायची.

रोझीनाच्या शेजारच्या मशीनवर बेला डोक बसायची. नदीपलीकडच्या वस्तीतली, प्रोटेस्टंट. घरात राजाची तसबीर, थोरला मुलगा हर्बी राजाच्या फौजेत आणि तोही नेमका हिंदुस्थानात. आमच्या देशाला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा ते डेरीबाहेरच्या टेकडीपर्यंत आलं आणि तिथंच सरहद्द आखून बसलं. टेकडीपलीकडे आपलं राज्य, अलीकडे राजाचं. बेलाला त्यातच आनंद आणि रोझीनाच्या ते घशाखाली उतरत नसे. जुलैत बेलाच्या घरचे पुरुष राजाच्या बाजूच्या मिरवणुकीत ढोल बडवत निघाले की रोझीना खिडक्या लावून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी तिच्याशेजारी बसून एकाच डब्यातला पाव खायची.

"काल तुमच्या ढोलांनी माझं मांजर पळालं गं."

"कॅथलिक मांजर ते. पळणारच."

अशी वीस वर्षं गेली.

बत्तीस सालचा हिवाळा वाईट गेला. फॅक्टरी निम्मे दिवस बंद, पगार निम्मा. घराघरांत नुसते बटाटे आणि त्यावर मीठ. आणि अशात फेब्रुवारीत एक मोठी ऑर्डर आली. हजारो शर्ट, खाकी जाड कापडाचे, गरम देशातल्या पोलिसांसाठी. चार महिने पूर्ण वेळ काम. बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. रोझीनासुद्धा. नमुन्याचा पहिला गठ्ठा तिच्याकडे आला आणि तिनं काजं करून, दोन-दोन टाके घालून तो हातावेगळा केला.

शनिवारी कापडाच्या कातरणीची गाठोडी बायकांना घरी न्यायला मिळायची. त्यांची गोधडी करायची आमच्याकडे पद्धत. डेरीतलं कुठलंही पोर उभ्या जगाच्या शर्टांखाली झोपून वाढलेलं. त्या शनिवारी रोझीनाच्या गाठोड्यात खाकी तुकडे होते आणि ते टेबलावर पसरून ती बसली होती. तेवढ्यात दारात लभूराम आला.

लभूराम पंजाबातला, जालंदरकडच्या कुठल्याशा गावचा, पंचविशीतला. चुलतभावाच्या मागोमाग इथं आला होता. मोजे, रुमाल, टाय भरलेली पेटी घेऊन दारोदार फिरायचा. गल्ली त्याला जॉनी म्हणायची, कारण गल्ली सगळ्याच फेरीवाल्यांना जॉनी म्हणायची. रोझीनानं मात्र पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "आईनं काय नाव ठेवलंय रे तुझं?" तेव्हापासून या घरात तो लभू. तो गोमांस खात नाही हे कळल्यावर मॅनस म्हणाला होता, "काळजी करू नकोस, पोरा. आम्हीही खात नाही. मिळतच नाही."

त्या दिवशी मॅनसनं त्याच्यापुढं चहा ठेवला. लभूनं कप उचलला, त्याची नजर टेबलावर गेली आणि कप तसाच खाली ठेवला.

"हे कुठलं, बाई?"

"फॅक्टरीतलं. नवी ऑर्डर आहे. कुठल्याशा गरम देशातल्या पोलिसांना जायचंय, देव जाणे कुठल्या."

"मीही जाणतो," लभू म्हणाला. त्यानं एक तुकडा उचलून नाकाशी नेला. "आमच्या बाजारात परदेशी कापडाच्या दुकानापुढं आम्ही बसलो होतो. नुसते बसलो होतो. घेऊ नका, एवढंच म्हणत होतो. पोलीस आले. एकानं माझ्या छातीवर गुडघा दिला आणि बाही तोंडावर दाबून धरली, ओरडू नये म्हणून. हाच वास, बाई. माझ्या काकांचा पाय लाठीनं तिथंच मोडला. दोन वर्षं झाली, अजून खाटेवर आहेत."

मॅनसला शांतता सोसत नसे. तो म्हणाला, "आणि तू बेट्या इथं येऊन परदेशी मोजे विकतोस?"

"अहो, इथं ते इथलेच," लभू हसून म्हणाला. "इथं स्वदेशीच की ते!"

मॅनस खो खो हसला. रोझीना हसली नाही. ती आपल्या हातांकडे बघत होती.

तिच्या मनात काय चाललं होतं ते मॅनसलाही ठाऊक नव्हतं, कारण अकरा वर्षं तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. एकवीस साली राजानं समुद्रापलीकडून धाडलेले पोलीस तिच्या माहेरच्या घरात शिरले आणि धाकट्या भावाला, कॉनला, बिछान्यातून ओढून बाहेर नेलं. कॉन एकोणीस वर्षांचा होता. अंगणात त्याला बंदुकीच्या दस्त्यांनी बडवत असताना रोझीनानं एका शिपायाची बाही धरली. त्यानं हिसका दिला तसा कफ उसवून तिच्या मुठीत राहिला. कॉन तिसऱ्या दिवशी गेला. त्याला पुरून आल्यावर ॲप्रनच्या खिशातला तो कफ तिनं चुलीत टाकायला काढला आणि तिला काज दिसलं. टोकाला दोन आडवे टाके. तिचे.

तिनं तो कफ जाळला आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली. पोटाला लागतंच. पण ती आग काही विझली नव्हती.

सोमवारी सुपरवायझर मिस गॉल्टनं खाकी शर्टांचा गठ्ठा रोझीनाच्या टेबलावर आणून टाकला. रोझीनानं मशीनवरचं रीळ काढलं, ॲप्रनच्या खिशात घातलं आणि हाताची घडी घालून बसली.

"मिसेस हार्किन, बरं वाटत नाही का?"

"ठणठणीत आहे. पांढरे द्या, निळे द्या, भोंग्यानंतरही बसून करते. हे करणार नाही."

मिस गॉल्टनं मॅनेजरला बोलावलं. गिलफिलन साहेब आला, चष्मा पुसत. माणूस तसा आवाज चढवणारा नव्हता. त्याला गरजच पडत नसे.

"काय तक्रार आहे?"

"तक्रार नाही, साहेब. हे घालून तिकडं गरिबांना बडवतात."

"शर्ट कुणाला बडवत नसतो, मिसेस हार्किन."

"खरंय. पण बडवणारा उघडाही येत नाही."

कुठंतरी फिस्सकन हसू फुटलं आणि लगेच दाबलं गेलं. गिलफिलन म्हणाला, "हे कापड कंपनीचं आहे. त्याचं काय करायचं ते कंपनी ठरवेल."

"कापड तुमचं," रोझीना उठून उभी राहिली. "मशीन तुमचं, छप्पर तुमचं, भोंगा तुमचा. पण दोरा माझा आहे. शुक्रवारी त्या खिडकीत माझे पैसे मोजून मी तो घेतलाय. माझा दोरा त्या शर्टात जाणार नाही. एकसुद्धा टाका नाही."

"मग दोरा घ्या आणि घरी जा. कायमच्या."

रोझीनानं कातर, सुया, चहाचा कप गोळा केला. एवढ्या बायका, पण एकीनंही मान वर केली नाही. कुणाला दोष द्यायचा? चार महिन्यांचं काम होतं, आणि घरी पोरं. सकाळीच रोझीनाकडून लभूची हकीकत ऐकलेली बेला तेवढी बोलली, आणि जे बोलली ते साऱ्या मजल्यानं ऐकलं. "जा बये, जा! आणि तुझ्या त्या जॉनीला सांग, उद्यापासून आमच्या पोरांना तूच जेवायला घाल म्हणावं."

घरी मॅनस पीठ मळत होता. ऐकून त्यानं पिठाचा गोळा असा आपटला की ताटल्या खडखडल्या.

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? समुद्रापलीकडच्या लोकांसाठी इथल्या पोरांच्या तोंडचा घास काढलास? ते लोक तुला ओळखतात तरी का?"

"ते नाही ओळखत. मी ओळखते."

"काय ओळखतेस?"

मग तिनं कफाचं सांगितलं. सगळं, उभ्यानं, ॲप्रन न सोडता. मॅनस ऐकत राहिला. पिठाचे हात तसेच. शेवटी तो खाली बसला आणि म्हणाला, "कॉनचं... मला का नाही सांगितलंस गं इतकी वर्षं?"

"काय सांगू? माझ्या भावाला मारणाऱ्याला मी कपडे घातले, हे सांगू?"

दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या आधी रोझीना फॅक्टरीच्या फाटकासमोर जाऊन उभी राहिली. हातात तिचं रीळ. आत जाणाऱ्या प्रत्येक बाईला नावानं हाक मारून ती एकच विचारायची. "मिनी, दोरा कुणाचा गं? सेराअॅन, दोरा कुणाचा?" बायका नजर चुकवत आत जायच्या. एकीनं तिच्या पायाशी थुंकलं. एकीनं जाता जाता तिच्या हातात पाव कोंबला आणि पळाली. दुपारच्या सुट्टीत पुन्हा तेच, संध्याकाळी सुटताना पुन्हा तेच. थंडीनं तिचे ओठ निळे पडले, पण आवाज काही पडला नाही.

दुसऱ्या सकाळी मॅनस रस्त्याच्या मधोमध चालत आला. एका हातात चहाची किटली, दुसऱ्या कडेवर धाकटं पोर. "मी अजून रागावलेलाच आहे," तो म्हणाला. "पण चहा गार होईल." आणि तोही तिच्याशेजारी उभा राहिला. गोदीवरच्या टोळक्यानं शिट्ट्या मारल्या. मॅनसनं त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

लभूही आला. पेटी खाली ठेवून म्हणाला, "बाई, मीही उभा राहतो."

"तू नीघ इथून. तुला पोलीस कॉलरला धरून बोटीत बसवतील. मला उचलायचं तर त्यांना चार माणसं आणावी लागतील."

गुरुवारी दुपारी बेला फाटकातून बाहेर आली आणि थेट तिच्यासमोर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. तीन दिवस तिनं रोझीनाकडे पाहिलंही नव्हतं.

"झाला का तमाशा पुरा? आत सगळ्यांची डोकी फिरवलीस तू. रीळ हातात घेतलं की तुझा आवाज कानात येतो. काय लागतात ते लोक तुझे?"

"कुणी नाही लागत. बेला, मी एकदा हा शर्ट शिवलाय." आणि रोझीनानं तिला कॉनचं सांगितलं. मॅनसला सांगितलं त्याहून कमी शब्दांत.

"तो कफ तुझाच होता कशावरून?"

"दोन टाके."

ते टाके बेलाइतके कुणी पाहिले नव्हते. ती म्हणाली, "माझा हर्बी तिकडेच आहे. त्याच्या अंगावरही कुणीतरी शिवलेलाच शर्ट आहे ना?"

"मग त्याला कळव, बसलेल्या माणसाला मारू नकोस म्हणून."

"माझा हर्बी नाही मारत कुणाला!"

"बरं."

त्या 'बरं'वर बेला तोंड वळवून तरातरा आत निघून गेली. रोझीनाला वाटलं, संपलं. ही गेली तर सगळ्याच गेल्या.

शुक्रवारी पगाराचा दिवस. संध्याकाळी गिलफिलन साहेबानं निरोप धाडून रोझीनाला फाटकाच्या आत, खिडक्यांपाशी बोलावलं. बायकांची रांग लागलेली होती आणि सगळ्यांचे कान इकडेच.

"मिसेस हार्किन, सोमवारी या," तो म्हणाला. "तुम्हाला खाकीला हात लावायला नको. पांढऱ्याच्या रांगेत बसा. जुनीच मजुरी. अट एकच, हा आरडाओरडा बंद."

रोझीनाच्या घरात दोन दिवस कोळसा नव्हता. धाकटं पोर खोकत होतं. खरं सांगायचं तर तिच्या तोंडात 'हो' आलंच होतं. तिला जे हवं होतं ते तिला मिळत होतं. तिचा दोरा त्या शर्टात जाणार नव्हता. मागं मॅनस उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरचं 'हो म्हण' तिला न बघताही कळत होतं.

"आणि खाकीचा दोरा?" तिनं विचारलं.

"त्याचं काय?"

"तो कुणाच्या पैशाचा?"

"ज्या त्या बाईच्या. नेहमीसारखा."

"मग नाही," रोझीना म्हणाली. "यांना तुम्ही विचारलंत का? ही मिनी, हिच्या घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. ही सेराअॅन. यांच्या पगारातून दोरा कापायचा आणि त्यानं लाठीवाल्यांना नटवायचं? कंपनीनं घ्यावा दोरा. मग तुमचं पाप तुमच्या पदरात, आमच्या नको."

"दोरा कंपनीनं आजवर दिलेला नाही," गिलफिलननं पहिल्यांदाच आवाज चढवला, "आणि या जन्मी देणार नाही!"

तो पाठ फिरवून गेला. रांग पुढं सरकली. दोऱ्याच्या खिडकीशी पहिली होती बेला डोक.

"किती रिळं?" आतल्या कारकुनानं विचारलं.

"कशाची?"

"खाकी. पांढऱ्यापेक्षा जरा महाग पडतं, रंग पक्का आहे."

"महाग?" बेलानं पैसे पुढं केले होते, ते तिथंच थांबले. "हे शर्ट राजाच्या पोलिसांचे ना?"

"हो."

"राजाकडे पैसे नाहीत का?"

कारकून गोंधळला. बेला वळली. राग आला की तिचा चेहरा लाल व्हायचा, तसा तो झालेला होता. आणि राग नेमका कुणाचा आलाय हे तिलाही धड ठरवता येत नव्हतं.

"सगळ्यांनी ऐकून ठेवा, मागनं कुणी मला काही बोलायचं नाही. मी राजाची माणूस आहे. माझ्या घरात त्याची तसबीर आहे आणि माझ्या पोटचा पोर त्याच्या फौजेत आहे. तुमच्या त्या जॉनीच्या देशाचं मला काही पडलेलं नाही. पण मी बेला डोक, स्वतःच्या घामाच्या पैशानं लंडनच्या राजाचे शर्ट शिवायला बसलेली नाही. राजानं आपला दोरा आपण आणावा!"

आणि तिनं पैसे खिशात टाकले. जाता जाता रोझीनाजवळ थांबून पुटपुटली, "दात काढू नकोस. तुझ्यासाठी नाही केलं."

"मी कुठं काय म्हटलं?" रोझीना म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

बेलामागून मिनीनं खिडकीपुढं येऊन मान हलवली. मग सेराअॅननं. रांग तशीच पुढं सरकत राहिली, पण त्या संध्याकाळी खिडकीतून एकही खाकी रीळ बाहेर गेलं नाही.

सोमवारी चौथ्या मजल्यावर खाकीचे गठ्ठे टेबलांवर आणि बायका हात मांडीवर ठेवून बसलेल्या. राजाच्या बाजूच्याही आणि राजाविरुद्धच्याही, शेजारी शेजारी. मिस गॉल्ट ओरडून दमली. कंपनी आठवडाभर अडून बसली. दोरा दिला तर पांढऱ्यालाही द्यावा लागेल, हे गिलफिलनला बरोबर कळत होतं. तिकडे बोटीची तारीख निघून चालली. शेवटी ऑर्डर हातची गेली. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा शहरानं ती उचलली आणि शर्ट शिवले. शर्ट शिवले गेलेच. उगाच गोड करून सांगण्यात अर्थ नाही.

मग महिनाभर उपासमार. फॅक्टरी बंद आणि घराघरांत रोझीनाच्या नावानं खडे फोडणं चालू. तिच्या खिडकीची काच फुटली. पण इस्टरनंतर फॅक्टरी पुन्हा उघडली, पांढऱ्या शर्टांचं काम आलं, आणि बायका आत जाऊन पुन्हा मांडीवर हात ठेवून बसल्या. एकदा चव कळली होती ना! तिसऱ्या दिवशी कंपनीनं दोरा दिला. फुकट. सगळ्यांना, कायमचा. दोऱ्याची ती खिडकी फळ्या ठोकून बंद केली, आणि कितीतरी वर्षं बायका येता-जाता तिच्यावर टिचकी मारायच्या.

रोझीनाला मात्र परत घेतलं नाही. त्या फॅक्टरीनं नाही आणि डेरीतल्या दुसऱ्या कुणीही नाही. नाव सांगितलं की फाटक बंद. चौदा-पंधरा वर्षं तिनं गोधड्या शिवल्या, लोकांचे विटलेले कपडे उसवून, आतली बाजू वर घेऊन पुन्हा शिवून दिले, लग्नाचे झगे दुरुस्त केले. मॅनसला लढाईच्या दिवसांत गोदीवर कायमची नोकरी लागली तेव्हा कुठं घराला उसंत मिळाली. कुणी म्हटलं, "तुझ्यामुळे आम्हाला दोरा फुकट, आणि तुला मात्र विकत," तर ती म्हणायची, "माझा मला परवडतो." एक गोष्ट तेवढी तिला शेवटपर्यंत डाचत राहिली. नमुन्याचा तो पहिला गठ्ठा. तो गेला होता, दोन-दोन टाक्यांसकट.

सत्तेचाळीसच्या फेब्रुवारीत, भयंकर बर्फ पडलं त्या महिन्यात, रोझीना न्यूमोनियानं गेली. रीतीप्रमाणे घरचं घड्याळ थांबवलं, आरशावर कापड टाकलं. भर दुपारी घर माणसांनी भरलं. मॅनस दारात उभा राहून येईल त्याच्या हातात चहा देत होता, सवयच ती. लभू आला. आता त्याचं स्वतःचं दुकान होतं, केस पिकू लागले होते. पलंगाजवळ उभा राहून तो म्हणाला, "आता जाणार म्हणतात ते आमच्या देशातून. तसं जाहीरच केलंय. थोडं थांबायला हवं होतं बाईंनी."

"ती कशाला थांबेल?" मागून आवाज आला. "तिनं आपल्यापुरता निकाल बत्तीस सालीच लावला होता."

दारात बेला डोक. बर्फातून पूल ओलांडून चालत आलेली, काखेत कागदी पुडकं. कॅथलिक घरच्या मयताला ती आयुष्यात पहिल्यांदाच येत होती आणि कुठं उभं राहायचं ते तिला कळत नव्हतं. तिनं पुडकं मॅनसच्या हातात दिलं. आत तपकिरी झगा होता, आमच्याकडे मेलेल्या माणसाला घालतात तो.

"तुमच्या पोपचा डगला शिवायला लावला मेलीनं मला," बेला म्हणाली. "माप मिनीनं दिलं. नीट बसतोय का बघ."

मॅनसनं झगा उलगडला. अशा झग्याला काज नसतं. पण गळ्याशी एक होतं, आणि टोकाला हातानं घातलेले दोन आडवे टाके. तो बराच वेळ त्यावरून अंगठा फिरवत राहिला.

"सुरेख झालंय," तो म्हणाला. काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं विचारलं, "दोरा फॅक्टरीतला का?"

बेलाचा चेहरा लालबुंद झाला.

"फॅक्टरीतला? फुकटचा दोरा, आणि हिच्या अंगाला? डोकं फिरलंय का तुझं, मॅनस हार्किन? दुकानात जाऊन विकत आणलाय. माझ्या पैशाचा आहे तो."

मॅनसनं मान हलवली. मग त्यानं झगा बायकांच्या हातात दिला आणि बेलासाठी चहा ओतायला आत गेला.